गप्पा येतात, मैत्री अडते: स्पायना बिफिडा असलेल्या मुलामुलींना सामाजिक कौशल्ये कशी शिकवावीत

स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष, असलेले दहा-बारा वर्षांचे मूल दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी व्यक्तीशी पंधरा मिनिटे अखंड बोलू शकते, परिचारिकांची नावे त्याला पाठ असतात, डॉक्टरांची विचारपूस ते आपणहून करते, आणि पाहणारा प्रत्येक जण म्हणतो की मूल किती चुणचुणीत आहे. तेच मूल शाळेच्या मधल्या सुट्टीत एकटे बसलेले असते. सुट्टीच्या दिवशी त्याला कोणाचा फोन येत नाही, आणि तुझे मित्र कोण असे विचारले तर ते शिक्षिकेचे किंवा फिजिओथेरपिस्टचे नाव सांगते. ही विसंगती वाटते खरी, पण तिचे कारण सापडण्याजोगे आहे. मोठी माणसे संभाषणातली निम्मी कामे मुलाच्या वतीने नकळत करून टाकतात: भरकटलेला विषय सावरतात, कंटाळा लपवतात, पुढचा प्रश्न विचारून गाडी चालू ठेवतात. समवयस्क मुले यातले काहीच करीत नाहीत.

हा लेख अशा मुलांच्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि त्यांच्याबरोबर नव्याने काम करू लागलेल्या स्वयंसेवकांसाठी आहे. साधारण आठ वर्षांपासून विशीपर्यंतचा काळ डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे की या मुलांना सामाजिक कौशल्ये उघडपणे, तुकडे पाडून आणि पुन्हा पुन्हा सराव देऊन शिकवावी लागतात, आणि ही पद्धत बहुतेक घरांना आधीपासून ठाऊक असते. ज्या आईवडिलांनी मुलाला स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची बारीक नळी, घालायला शिकवले आहे, त्यांनी एक अवघड काम पंधरा-वीस लहान कृतींत फोडले होते, प्रत्येक कृती आधी करून दाखवली होती, मग हात धरून करून घेतली होती आणि शेवटी स्वतः खोलीबाहेर जाऊन उभे राहिले होते. खेळात सामील होणे किंवा मैत्रिणीला संदेश पाठवणे हेदेखील असेच शिकवता येते.

आधी मेंदूविषयी थोडे

गर्भधारणेनंतर पहिल्या सुमारे 28 दिवसांत गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, बंद होते. ती पाठीच्या भागात कुठे उघडी राहिली तर स्पायना बिफिडा होतो. त्याचे काही प्रकार इतके सौम्य असतात की त्या व्यक्तीला आयुष्यभर कळतही नाही. इथे विचार केला आहे तो मायलोमेनिंगोसील या सर्वांत गंभीर प्रकाराचा, ज्यात मज्जारज्जू पाठीवर उघडा पडलेला असतो. पायांतील अशक्तपणा, संवेदना नसणे, लघवी आणि शौचावर ताबा नसणे हे त्याचे परिणाम सर्वांना दिसतात. न दिसणारा भाग मेंदूत असतो. यांतील बहुतेक मुलांच्या डोक्यात पाणी साठते, म्हणजे हायड्रोसेफॅलस होतो, आणि अनेकांना शंट, म्हणजे ते पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी नळी, टाकावा लागतो. मेंदूचा मागचा भाग खाली सरकलेला असतो, ज्याला किआरी-2 विकृती म्हणतात, आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा अनेकदा अपुरा घडलेला असतो.

याचा सामाजिक जीवनाशी संबंध असा. मानसशास्त्रज्ञ मॉरीन डेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली मांडलेल्या विवेचनानुसार या मुलांना वारंवार समोर आलेली, एकमेकांशी जोडून पाठ झालेली माहिती चांगली वापरता येते, पण वेगवेगळे तुकडे त्याच क्षणी एकत्र करून अर्थ लावणे जड जाते. शब्दसंग्रह आणि व्याकरण पहिल्या प्रकारात बसते, म्हणून बोलणे ओघवते असते. समोरच्याचा चेहरा, आवाजातला बदल, मागचे वाक्य आणि आताची परिस्थिती जोडून त्याला खरे काय म्हणायचे आहे हे ओळखणे दुसऱ्या प्रकारात येते. टोमणा, थट्टा, सूचक नकार इथेच निसटतात. शिवाय लक्ष टिकवणे, काम आपणहून सुरू करणे, पुढचे पाऊल आखणे आणि झटपट प्रतिसाद देणे यांतही अडचण असते. वरवर सफाईदार पण आशय पातळ असलेल्या या बोलण्याला जुन्या वैद्यकीय लेखनात कॉकटेल पार्टीतल्या गप्पांची उपमा दिलेली आढळते. मला ती उपमा आवडत नाही, कारण तिच्यात मुलाच्या धडपडीची दखल नाही, पण ती जे सांगते ते पालकांनी ओळखणे आवश्यक आहे.

मानसशास्त्रज्ञ ग्रेसन होल्मबेक यांच्या गटाने 2003 साली आठ-नऊ वर्षांच्या मुलांविषयी प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात स्पायना बिफिडा असलेली मुले वयाच्या मानाने अपरिपक्व आणि निष्क्रिय आढळली, शाळेबाहेर त्यांच्या भेटीगाठी कमी होत्या आणि मार्गदर्शनासाठी ती मोठ्यांवर अधिक अवलंबून होती. निष्क्रिय हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ही मुले सहसा भांडखोर नसतात, वर्गात कोणाला त्रास देत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची अडचण वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत येत नाही. अर्थात प्रत्येक मूल वेगळे असते. शंट नसलेल्या, मेंदूवर फारसा परिणाम न झालेल्या मुलाला पुढच्या पायऱ्यांपैकी निम्म्या लागणारही नाहीत.

पायरी पहिली: शरीराची बाजू तपासून घ्यावी

शिकवण्याआधी एक खबरदारी. बोलके मूल काही दिवसांत गप्प झाले, चिडचिडे झाले, अभ्यासात मागे पडले, सारखे झोपाळलेले दिसू लागले, तर त्याला वयाचा दोष देऊ नये. शंट बिघडल्याची लक्षणे अशीही असतात. डोकेदुखी आणि उलटी सोबत असेल तर उशीर न करता न्यूरोसर्जनकडे न्यावे. चाल बिघडणे, पाठ किंवा पाय दुखू लागणे, लघवीची सवय अचानक बदलणे ही मज्जारज्जू खाली अडकून ताणला जात असल्याची चिन्हे असू शकतात. बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, झोपेत श्वास अडखळणे आणि उदासी यांमुळेही मूल माणसांपासून दूर राहू लागते. उदासीची लक्षणे या किशोरवयीनांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतात, आणि तिच्यावर वेगळे उपचार लागतात.

पायरी दुसरी: नेमके कुठे अडते ते पाहावे

नवखे पालक बहुधा इथेच घाई करतात. मूल मुलांमध्ये मिसळत नाही असे दिसले की ते त्याला मिसळायला सांगतात, आणि सांगून काही होत नाही. त्याऐवजी एक वही घ्यावी आणि दोन आठवडे केवळ नोंद करावी. केव्हा, कुठे, समोर कोण होते, मुलाने काय केले, पुढे काय झाले, इतकेच लिहावे. शाळेतल्या नोंदीसाठी एखाद्या शिक्षिकेची मदत घ्यावी.

नोंद वाचताना उपयोगी पडणारी एक चौकट क्रिक आणि डॉज या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोणत्याही सामाजिक प्रसंगात मूल आधी खुणा टिपते, मग त्यांचा अर्थ लावते, आपल्याला काय हवे ते ठरवते, काय करता येईल याचे पर्याय आठवते, त्यांतला एक निवडते आणि तो अमलात आणते. हे सगळे क्षणार्धात घडते, पण साखळीची कोणतीही कडी तुटू शकते.

समजा, मैदानाच्या कडेला व्हीलचेअरवर बसलेला अकरा वर्षांचा मुलगा चार मुलांचा पत्त्यांचा डाव पाहतो आहे आणि दहा मिनिटांनंतरही सामील झालेला नाही. एका मुलाने मान वर करून जागा सरकवली होती, ते त्याच्या लक्षातच आले नसेल. लक्षात आले असेल, पण मुले आपल्याला हसत आहेत असा अर्थ त्याने लावला असेल. अर्थ बरोबर लागला असेल, तरी काय म्हणून आत शिरायचे ते शब्द सुचले नसतील. शब्द ठाऊक असतील, घरी आईसमोर त्याने ते म्हणूनही दाखवले असतील, पण सुरुवात करण्याचा तो एक क्षण पार होत नसेल. किंवा यातले काहीही नसेल आणि वाटेत फक्त एक पायरी असेल, जी ओलांडून खुर्ची पुढे जात नाही. पहिल्या शक्यतेत चेहरे आणि हालचाली पाहण्याचा सराव लागतो, दुसरीत अर्थ लावण्याविषयी सावकाश बोलावे लागते, तिसरीत तयार वाक्ये द्यावी लागतात, चौथीत सुरुवात करून देणारी खूण लागते आणि पाचवीत लाकडी उतार लागतो. सरसकट आत्मविश्वास वाढवण्याचा उपदेश यांतल्या एकाही अडचणीला लागू पडत नाही.

नोंदींत एकाच जागी तीन-चार वेळा अडलेले दिसले की तिथून काम सुरू करावे.

पायरी तिसरी: लघवी आणि शौचाची घडी बसवावी

सामाजिक कौशल्यांच्या लेखात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण कपडे ओले होतील किंवा वास येईल या धास्तीत बसलेले मूल समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊ शकत नाही, आणि वर्गातली मुले दूर सरकली तर त्यामागचे कारण त्याला कोणी सांगत नाही. जॅक लॅपिडेस या मूत्ररोगतज्ज्ञांनी 1972 साली स्वच्छ पद्धतीने ठराविक वेळाने कॅथेटर घालण्याचा मार्ग रूढ केला, तेव्हापासून या मुलांची मूत्रपिंडे वाचवणे सोपे झाले. त्याच पद्धतीचा दुसरा लाभ असा की मूल चार तास निश्चिंतपणे घराबाहेर राहू शकते. अनेक मुले प्राथमिक शाळेच्या वयातच हे स्वतः करायला शिकतात. जे मूल यासाठी आईवर अवलंबून आहे ते मित्राच्या घरी मुक्कामाला जाऊ शकत नाही, सहलीला आईशिवाय जाऊ शकत नाही, आणि जिथे आई असते तिथे समवयस्कांची गुपिते बोलली जात नाहीत.

म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलून वेळापत्रक शाळेच्या तासिकांशी जुळवून घ्यावे. शौचासाठी रोजची ठराविक वेळ आणि पद्धत ठरवावी. मनगटी घड्याळात कंपन करणारा गजर लावावा, म्हणजे कोणाला मोठ्याने आठवण करून द्यावी लागणार नाही. जादा कपडे आणि साहित्य साध्या, इतरांसारख्याच पिशवीत असावे. नाकाला सवय झाल्यामुळे आपल्याच अंगाचा वास मुलाला कळत नसतो, तेव्हा घरातल्या एका विश्वासू माणसाने तो एकांतात, न रागावता सांगायचा असे मुलाशी आधीच ठरवून घ्यावे.

लॅटेक्सविषयीही, म्हणजे नैसर्गिक रबराविषयीही, इथेच सांगतो. स्पायना बिफिडा असलेल्यांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि वाढदिवसाच्या समारंभातले साधे फुगे लॅटेक्सचे असतात. मुलाला न पाठवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. यजमानांना चार दिवस आधी कळवावे, आणि मूल मोठे असल्यास हे कळवण्याचे काम त्यालाच द्यावे.

पायरी चौथी: एक कौशल्य निवडून त्याचे तुकडे करावेत

एका वेळी एकच. चालू खेळात किंवा गप्पांत सामील होणे हे बहुतेकांना लागणारे कौशल्य आहे, म्हणून तेच उदाहरण घेऊ. ज्यांना हे सहज जमते ती मुले प्रत्यक्षात काय करतात ते पाहिले तर कृतींचा क्रम सापडतो. ती आधी जवळ जाऊन थोडा वेळ नुसती पाहतात. काय चालले आहे, कोणाची पाळी आहे, कोण रागात आहे हे त्यांना तेवढ्यात कळते. मग ती खेळाविषयीच काहीतरी छोटे बोलतात, "मस्त टाकलास" किंवा "आता कोणाची पाळी?" असे. कोणी त्यांच्याकडे वळून पाहिले तर थोडा विराम मिळण्याची वाट पाहतात आणि मग विचारतात, "पुढच्या डावात मी येऊ?" नकार आला तर "बरं, नंतर" म्हणून दुसरीकडे जातात. स्पायना बिफिडा असलेले मूल अनेकदा पहिली कृती गाळून थेट स्वतःविषयी बोलू लागते, किंवा पहिल्याच कृतीवर थांबून राहते.

ही पाच-सहा वाक्ये एका कार्डावर मुलाच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. प्रथम दोन मोठ्यांनी तो प्रसंग करून दाखवावा, एकदा बरोबर आणि एकदा चुकीचा, आणि चूक कुठे झाली हे मुलाने ओळखावे. चूक शोधायला मुलांना आवडते आणि त्या निमित्ताने खुणा पाहण्याचा सराव होतो. नंतर मुलाने भावंडाबरोबर करावे, नंतर एका ओळखीच्या मुलाबरोबर, आणि शेवटी जिथे गरज आहे त्या मैदानावर. हा शेवटचा भाग टाळता येत नाही. बंद खोलीत शिकलेले कौशल्य या मुलांच्या बाबतीत आपोआप दुसऱ्या जागी जात नाही. घरी शंभर टक्के जमणारी गोष्ट शाळेत नव्याने शिकवावी लागते, आणि त्यात मुलाचा हट्ट किंवा आळस नसतो.

संभाषणासाठी वेगळे कार्ड करावे. ओघाने बोलणाऱ्या मुलाला नुसते "कमी बोल" म्हटले तर ते दुखावते आणि गोंधळते, कारण कमी म्हणजे किती हे त्याला कळत नाही. "तीन वाक्ये बोलायची, मग समोरच्याकडे पाहायचे, मग त्याला एक प्रश्न विचारायचा" हा नियम त्याला कळतो. ठोस, मोजता येणारे नियम आणि पुष्कळ आवृत्ती हेच या मुलांचे बळ आहे, तेव्हा त्याचा पुरेपूर उपयोग करावा. ऐकणारा कंटाळल्याच्या खुणा कोणत्या, त्याही उघड सांगाव्यात: तो इकडेतिकडे पाहतो, "हं हं" एवढेच म्हणतो, अंग वळवतो, फोन हातात घेतो. संभाषण संपवण्याची दोन वाक्येही शिकवावीत, कारण थांबायचे कसे हे माहीत नसल्यामुळेही पुष्कळदा बोलणे लांबते. काही मुलांच्या बाबतीत उलट असते. ती उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यांना "थांब, मला यावर बोलायचंय" असे एक वाक्य द्यावे, आणि सोबतच्या मुलांना दोन श्वास थांबायला शिकवावे.

सूचक बोलण्यासाठी सर्वांत प्रामाणिक साधन म्हणजे विचारण्याचा परवाना. "तू थट्टा करतोयस की खरंच म्हणतोयस?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, हे मुलाला मोठ्यांच्या वागण्यातून दिसले पाहिजे. घरातही आवाजाच्या चढउतारावर विसंबून टोमणे मारण्याऐवजी सरळ बोलावे.

पायरी पाचवी: सुरुवात मुलाकडून व्हावी अशी सोय करावी

पालकांची नेहमीची तक्रार असते की त्याला सगळे येते, पण तो करीत नाही. या न करण्यामागे मेंदूच्या नियोजन करणाऱ्या यंत्रणेची मर्यादा असते, आणि तिला बाहेरून टेकू देता येतो. फोनमध्ये दर शनिवारी सकाळी दहाला गजर लावावा आणि त्यावर "मैत्रिणीला संदेश पाठव" असे मोघम न लिहिता कोणाला आणि काय पाठवायचे तेही लिहावे. भेट ठरवणे म्हणजे दिवस सुचवणे, वेळ विचारणे, जागा पाहणे, तिथे व्हीलचेअर जाईल का आणि स्वच्छतागृह कसे आहे हे शोधणे, जाण्यायेण्याची सोय करणे, आदल्या दिवशी पक्के करणे. ही यादी भिंतीवर असावी आणि प्रत्येक काम झाले की मुलाने त्यावर खूण करावी. सुरुवातीला आठवण आई देईल, पुढे फोन देईल. आवाज फोनचा झाला की कटकट थांबते आणि नातेही सुधारते.

पायरी सहावी: मोठ्यांनी मध्ये उभे राहणे थांबवावे

निर्णय स्वतः घेण्याच्या बाबतीत ही मुले समवयस्कांपेक्षा साधारण दोन वर्षे मागे असल्याचे संशोधनात आढळले आहे. त्यात आजाराचा वाटा आहे, तसा आपलाही आहे. ज्या मुलाच्या शस्त्रक्रियेबाहेर आपण रात्री जागून काढल्या त्याला मोकळे सोडणे अवघड असते, आणि मी हे कोणालाही दोष देण्यासाठी लिहीत नाही. तरीही पाहावे: डॉक्टरांनी मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोण देते? पाहुण्यांनी "कितवीत आहेस?" विचारले की पहिला आवाज कोणाचा येतो? आजपासून एवढा एकच नियम पाळावा की मुलाला विचारलेल्या प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजायचे आणि तोपर्यंत काही बोलायचे नाही. आधी ते शांत क्षण फार लांब वाटतात.

शाळेत मदतनीस असेल तर तो मुलाच्या आणि वर्गमित्रांच्या मध्ये बसत नाही ना, हे पाहावे. मोठे माणूस शेजारी असले की मुले त्या बाकावर येत नाहीत. मदतनीसाची जागा मागे, हाक मारल्यावर येता येईल इतक्या अंतरावर असावी, आणि मधल्या सुट्टीत त्याने शक्यतो दिसू नये. व्हीलचेअर मागून ढकलत बोलणेही टाळावे. ढकलणाऱ्याला मुलाचा चेहरा दिसत नाही आणि मुलाला ढकलणाऱ्याचा, त्यामुळे ज्या खुणा वाचायला आपण शिकवतो आहोत त्याच गायब होतात. उभ्या मुलांचे बोलणे खुर्चीवरच्या मुलाच्या डोक्यावरून जाते, म्हणून गटाने बसून करण्याची कामे, कट्टा, टेबल, जमिनीवरची चटई यांना पसंती द्यावी.

पायरी सातवी: शरीराविषयीच्या प्रश्नांची उत्तरे तयार असावीत

"तुझ्या पायाला काय झालं?" हा प्रश्न येणारच. मुलाजवळ तीन उत्तरे असावीत. पहिले एका वाक्याचे: "माझ्या पाठीच्या कण्यात जन्मापासून फट आहे, म्हणून पायांत जोर नाही." दुसरे जवळच्या मित्रांसाठी, थोडे सविस्तर. तिसरे नकाराचे: "ते मला सांगायचं नाहीये. तू काय खेळतोयस?" कोणाला कोणते उत्तर द्यायचे हे मुलानेच ठरवावे. कॅथेटरविषयी वर्गाला सांगायचे की नाही, हाही त्याचाच निर्णय आहे. शिक्षकांनी चांगल्या हेतूने सर्वांसमोर केलेला खुलासा मुलाला खोलवर लागू शकतो. चिडवणे वारंवार होत असेल तर मात्र हजरजबाबी उत्तरे शिकवत बसू नये, शाळेने त्यात हस्तक्षेप करावा.

पायरी आठवी: एका मित्रापासून सुरुवात करावी

मित्रांची संख्या हे ध्येय ठेवू नये. आठवड्यातून एकदा शाळेबाहेर भेटणारा एक मित्र असणे हा मोठा बदल असतो. पहिल्या भेटी छोट्या असाव्यात, दीड तास पुरे, आणि हाताला काम असावे: बुद्धिबळ, चित्रे, एखादे वाद्य, संगणकावरचा खेळ. नुसत्या गप्पांत सतत नवे काही सुचावे लागते. कामात विषय समोरच असतो. व्हीलचेअर बास्केटबॉल किंवा बोच्चासारख्या (बसून चेंडू टाकण्याच्या) खेळात शरीराचा सराव होतो आणि संघात पाळी, हार, कुरबूर हे सारे अनुभवायला मिळते. स्पायना बिफिडा असलेल्या इतर मुलांची भेटही घडवावी. ज्याच्यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही अशा माणसाशी बोलण्याचा आराम वेगळाच असतो. मात्र ती मैत्री वर्गातल्या मैत्रीला पर्याय समजू नये.

लिहून केलेल्या संवादात विचार करायला वेळ मिळतो, म्हणून संदेशांवरची मैत्री या मुलांना सोपी जाते. तिथे चेहराही नसतो आणि आवाजही नसतो, त्यामुळे गैरसमज आणि फसवणूक दोन्ही सहज होतात. कोणते छायाचित्र पाठवायचे नाही, पैसे मागितले तर कोणाला सांगायचे, अनोळखी व्यक्तीने भेटायला बोलावले तर काय करायचे, हे नियमही कार्डावर लिहून द्यावेत.

पायरी नववी: वयात येताना

हायड्रोसेफॅलस असलेल्या मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, वयात येणे लवकर सुरू होण्याची शक्यता अधिक असते. शरीर पुढे आणि सामाजिक समज मागे, असे काही वर्षे चालते, आणि अनोळखी माणसे शरीर पाहून वागतात. मुलगी वयाच्या आठ वर्षांआधीच वयात येण्याची चिन्हे दाखवू लागली तर डॉक्टरांना विचारावे, आणि शरीराविषयीचे बोलणे त्या वेळी सुरू करावे, शाळेच्या पाठाची वाट पाहू नये.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जन्मापासून या मुलांच्या खासगी अवयवांना डॉक्टर, परिचारिका, आई, आजी, मदतनीस अशा अनेकांनी हात लावलेला असतो, आणि मुलाने ते निमूटपणे होऊ दिले म्हणून त्याचे कौतुकही झालेले असते. नकार देण्याचा सराव त्याला कुठे मिळालेलाच नसतो. म्हणून अगदी लहानपणापासून प्रत्येक स्पर्शाआधी परवानगी विचारावी, दार लावावे, काय करणार ते सांगावे, आणि मूल "थोडं थांब" म्हणाले तर खरोखर थांबावे. कॅथेटर घालायला कोणाला परवानगी आहे त्यांची नावे मुलाला माहीत असावीत. त्या यादीबाहेरच्या कोणी प्रयत्न केला तर कोणाला सांगायचे, तेही माहीत असावे. शरीराच्या काही भागांत संवेदना नसल्यामुळे काय घडले हे मुलाला नेहमी जाणवेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

प्रेम, लैंगिक संबंध, मूल होणे यांविषयीचे प्रश्न या तरुणांनाही पडतात, मात्र ते विचारण्याची जागा बहुधा मिळत नाही. तपासणीच्या वेळी पालकांनी काही मिनिटे बाहेर जावे, म्हणजे डॉक्टरांशी एकांतात बोलता येईल. लॅटेक्सविरहित कंडोम वापरणे आणि मूल हवे असलेल्या तरुणीने गर्भधारणेच्या आधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची वाढीव मात्रा घेणे, या दोन गोष्टी तरी त्यांना कळलेल्या असाव्यात.

पायरी दहावी: वही मुलाच्या हाती द्यावी

दर तीन महिन्यांनी त्याच वहीत पुन्हा दोन आठवड्यांची नोंद करावी आणि जुन्या नोंदीशेजारी ठेवून पाहावी. बदल लहान दिसतील: आता तो आधी पाहतो आणि मग बोलतो, किंवा तिने या महिन्यात दोनदा स्वतः फोन केला. एखादे कौशल्य तीन महिन्यांत तसूभरही पुढे सरकले नसेल तर तुकडे आणखी लहान करावेत, किंवा दुसऱ्या पायरीवर परत जाऊन आपण अडचणीची जागा चुकीची ओळखली का ते पाहावे. शस्त्रक्रियेनंतर किंवा शाळा बदलल्यावर बसलेली घडी विस्कटते. तेव्हा जुनी कार्डे पुन्हा काढावीत.

तेरा-चौदाव्या वर्षी, जमल्यास त्याआधीच, ही वही मुलाला वाचायला द्यावी. आपण त्याच्याविषयी काय काय लिहिले होते ते त्याला कळू द्यावे, जिथे आपले चुकले असेल तिथे त्याला खोडू द्यावे, आणि पुढचे कौशल्य त्याला निवडू द्यावे. त्याने निवडलेली गोष्ट आपल्या यादीत नसण्याची शक्यता बरीच आहे. आपल्याला वाटत असते की त्याने वर्गात अधिक बोलावे, आणि त्याला शिकायचे असते की रुसलेल्या मित्राशी पुन्हा बोलायला सुरुवात कशी करायची. तसे असेल तर नवे पान उघडून तेच काम आधी घ्यावे.